सन एकोणीस हजार एकशे

१९९७ सालच्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेसहाचा सुमार असेल. भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावर आमच्या कारखान्याच्या कामगारांची पतसंस्था होती. तिच्या कचेरीत मी पासबुकांवर सह्या करीत बसलो होतो. कारखान्यातली नोकरी सांभाळून मी संस्थेचा मानद चिटणीस होतो. म्हणजे मान संस्थेचा आणि दगदग माझी. इतक्यात फौंड्री खात्यातून नुकतेच स्वेच्छानिवृत्त झालेले एक गृहस्थ आत आले. त्यांनी मुदत ठेवीची पावती माझ्यापुढे ठेवली आणि अगदी शांतपणे विचारले,

"चिटणीससाहेब, इतके दिवस मी जगायचं कसं हो?"

मी पावती पाहिली. रक्कम बरोबर, व्याज बरोबर, ठेव ठेवल्याची तारीख १४/०२/१९९७, तीही बरोबर. मुदत तीन वर्षांची. आणि ठेव परत मिळण्याची तारीख? १४/०२/१९१००!

हिशेब करा. सतरा हजार एकशे तीन वर्षे बाकी. मला हसू आले, पण समोरचा मनुष्य हसत नव्हता. तीस वर्षे भट्टीसमोर उभे राहून मिळालेली सारी पुंजी त्या एका कागदावर होती.

त्या वर्षांत घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत या रस्त्यावरचे एकेक भोंगे बंद पडत होते. जो तो स्वेच्छानिवृत्तीची रक्कम उराशी धरून हिंडत होता. आमच्या संस्थेत ती रक्कम लोक विश्वासाने ठेवीत. आता 'पतसंस्थेच्या पावत्या खोट्या' अशी आवई एकदा उठली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी रांग लागली असती. आणि कोणत्याही पतसंस्थेच्या तिजोरीत सगळ्यांचा सगळा पैसा कधीच नसतो. तो कर्जरूपाने बाहेर गेलेला असतो. चांगल्या चाललेल्या संस्था अशाच एका सकाळी बसतात.

मी लाल शाईने तारीख दुरुस्त केली, सही ठोकली, शिक्का मारला. गृहस्थ गेले. मग दप्तर काढले. महिन्याभरात अशा एकोणीस पावत्या गेल्या होत्या.

पेटीतली बुरशी

आमच्या संस्थेचा प्रोग्रॅम माझ्या मेहुण्याने लिहिला होता. तो बोरिवलीला राहायचा. १९९२ साली त्याने टर्बो-सीमध्ये, एक पैसाही न घेता, हे काम करून दिले. मलाही पन्नाशीच्या घरात सी भाषा त्यानेच शिकवली. रविवारी मुलुंडहून दादरला जायचे, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे धरायची, आणि दुपारभर त्याच्या खोलीत नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' उघडून बसायचे. "भाऊजी, सी ही भाषा फार भोळी आहे," तो म्हणायचा. "तुम्ही सांगाल ते करते. चूक सांगितलीत तर चूकही मन लावून करते."

१९९६च्या पावसाळ्यात काविळीने तो गेला. वय एकतीस.

पावत्यांची भानगड मी रात्री घरी सांगितली. संस्थेच्या खिडकीवर संध्याकाळी माझी पत्नीच बसत असे. ती त्याची थोरली बहीण. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, लोक म्हणतील पोराने चूक करून ठेवली. त्याचं नाव वाईट होऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी बोरिवलीला जाऊन त्याची फ्लॉपींची पेटी आणली. कंपायलरला देण्यापूर्वीचे माणसाला वाचता येते असे मूळ लिखाण, ज्याला या धंद्यात सोर्स म्हणतात, ते त्या पेटीत होते. पेटी उघडली आणि मटकन खालीच बसलो. मुंबईचा एक सबंध पावसाळा पेटीने सोसला होता. प्रत्येक चकतीवर पांढरी बुरशी. पुसून, वाळवून पाहिल्या, एकही वाचेना. चिटणीस या नात्याने सोर्सची एक प्रत संस्थेच्या कपाटात ठेवून घ्यायला हवी होती. घर बांधून घेतले आणि नकाशा गवंड्याच्याच खिशात राहू दिला, तसे मी केले होते.

उरली होती फक्त संगणकातली चालती फाइल. तिच्या नावाला 'ईएक्सई' हे शेपूट. ती संपादकात उघडली तर हसरे चेहरे, बदाम, इस्पिक आणि मधूनच पी-पी असा आवाज! जाणकारांना विचारले. सगळ्यांचे मत एकच पडले: सोर्स नाही तर काही होत नाही, नवा प्रोग्रॅम घ्या आणि पाच वर्षांच्या नोंदी पुन्हा भरा.

मला ते पटेना. यंत्राला जर ही फाइल वाचता येते, तर माणसाला का येऊ नये?

प्रोग्रॅमचे बिऱ्हाड

फोर्टच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरचे पुस्तक हाती लागले. डॉससाठी लिंकर कसा लिहावा हे त्यात रीतसर समजावून दिले आहे. लिंकर म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे तुकडे जोडून चालती फाइल तयार करणारा. पवईची टेकडी आमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर; विद्या दारात होती आणि मी भांडुपात डोके धरून बसलो होतो.

ईएक्सई फाइल म्हणजे निव्वळ आज्ञांचा ढीग नव्हे. तिच्या आरंभी एक मथळा असतो, त्याला हेडर म्हणतात. डॉसच्या फाइलीत तो किमान २८ बाइटांचा. दोन-दोन बाइटांचे चौदा आकडे. पहिले दोन बाइट नेहमी ७७ आणि ९०, म्हणजे एम आणि झेड ही अक्षरे. ही मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याची आद्याक्षरे होत. विहिरीच्या काठावर बांधणाऱ्याचे नाव कोरतात, तसे याने आपले नाव जगातल्या प्रत्येक ईएक्सई फाइलीच्या उंबऱ्यावर कोरून ठेवले.

पुढचे आकडे कामाचे. फाइल ५१२ बाइटांच्या किती पानांची आहे. शेवटच्या पानावर किती बाइट आहेत. मथळा कुठे संपतो. स्मृतीत जागा किती लागेल. आणि पहिली आज्ञा कोणत्या ठिकाणी आहे. पण मला सर्वांत गंमत वाटली ती एका यादीची. तिला रिलोकेशनची यादी म्हणतात.

असे पाहा. गिरगावातल्या चाळीतून एखादे कुटुंब बोरिवलीला बिऱ्हाड हलवते. माणसे तीच, भांडी तीच; पण रेशनकार्ड, बँक, मुलांची शाळा, विमा, जिथे जिथे जुना पत्ता लिहिला आहे तिथे तिथे तो बदलावा लागतो. शहाणी गृहिणी त्याची आधी यादी करते. प्रोग्रॅमचेही तसेच. आपल्याला स्मृतीत कोणती खोली मिळणार हे लिहिताना त्याला ठाऊक नसते. म्हणून लिंकर यादी करून ठेवतो: 'या या ठिकाणी पत्ता लिहिलेला आहे.' डॉस प्रोग्रॅमला खोली देतो, आणि यादीतल्या प्रत्येक ठिकाणच्या आकड्यात त्या खोलीचा क्रमांक मिळवतो. मगच प्रोग्रॅम चालू लागतो.

म्हणजे ज्याला या फाइलीत काही बदलायचे असेल त्याने दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. एक, लांबी बदलायची नाही; मधे एक बाइट घुसवला की पुढचे सगळे पत्ते चुकले. दोन, यादीतल्या ठिकाणांना हात लावायचा नाही.

एका अक्षराची किंमत

डॉसबरोबर डीबग नावाचे एक हत्यार मिळे. त्याने ईएक्सई उघडून आज्ञा वाचता येत. पण बदल करून जतन करू म्हटले तर ते साफ सांगे, ईएक्सई लिहायला परवानगी नाही. कारण उघड आहे. डीबग फाइल उघडतो तेव्हा बिऱ्हाड आधीच हललेले असते, पत्ते बदललेले असतात. ते तसेच परत लिहिले तर घोटाळा. नाव बदलून त्याला चकवण्याची युक्ती होती, पण पतसंस्थेच्या कामात चकवाचकवी मला नको होती. ठरवले, आपला वाचक आपणच लिहायचा, सी भाषेत.

पहिल्या रात्री फाइलीची प्रत करणारा सोपा प्रोग्रॅम लिहिला. साठ हजारांवर बाइटांची फाइल. प्रत निघाली शे-दोनशे बाइटांची! पुन्हा केली, पुन्हा तेच. दोन रात्री गेल्या. शेवटी चूक सापडली ती एका अक्षराची. सीमध्ये फाइल उघडताना सांगावे लागते की ही मजकुराची फाइल आहे की निव्वळ बाइटांची. बाइटांची असेल तर 'आर'पुढे 'बी' लिहायचा. मी तो विसरलो होतो. त्यामुळे टर्बो-सीने फाइल मजकूर म्हणून वाचली. आणि डॉसच्या मजकुरात २६ हा आकडा म्हणजे समाप्ती. आज्ञांमध्ये कुठेतरी २६ आला आणि वाचन तिथेच आटोपले. लिहितानाही असाच दगा होतो: दहाचा आकडा दिसला की त्याच्या आधी तेराचा आकडा आपण होऊन घातला जातो. मजकुरात ती सोय. आज्ञांमध्ये तो सत्यानाश. मेहुणा म्हणाला होता तेच खरे. भाषा भोळी, चूक मन लावून केली होती.

हे सारे प्रतीवर चालले होते म्हणून निभावले. मूळ फाइल तीन फ्लॉपींवर उतरवून तीन घरी ठेवली होती. तेवढे शहाणपण बुरशीने शिकवले होते.

सहा बाइट

आता चूक शोधायची. सलग चार किंवा अधिक छापील अक्षरे दिसली की ती कागदावर उतरवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सुरुवातीलाच टर्बो-सीचे आणि बोर्लंडचे नाव आले. तो कंपायलर आपली सही प्रत्येक फाइलीत ठेवून जाई. मग आमच्या संस्थेचे नाव, पावतीवरचा मजकूर, आणि मग ते दिसले: दिवस, तिरकी रेघ, महिना, तिरकी रेघ, आणि त्यापुढे 'एकोणीस, टक्का, डी'. सीमध्ये 'टक्का-डी' म्हणजे 'इथे एक संख्या छाप'. वर्षातून १९०० वजा करायचे, उरलेला आकडा छापायचा, आणि आधी १९ लावायचे. १९९२ असेल तर ९२ उरतात, छापले जाते १९९२. २००० असेल तर उरतात १००, आणि छापले जाते १९१००.

त्याने असे का केले असावे? जुन्या हस्तलिखित पावतीपुस्तकांवर '१९' छापलेलेच असे. पुढचे दोन आकडे कारकून भरी. मीच त्याला ते पुस्तक नमुना म्हणून दिले होते. त्याने नमुना इमानाने उतरवला. सुदैवाने नोंदींच्या फाइलीत वर्ष पूर्ण चार आकडी साठवलेले होते. खोट होती फक्त छपाईत.

वजाबाकीची आज्ञा कशी शोधायची? त्या यंत्राची एक संख्या सोळा बिटांची. ६५,५३५ नंतर पुन्हा शून्य. घड्याळाचा काटा दोन तास मागे नेला काय आणि दहा तास पुढे नेला काय, फळ एकच. तसेच इथे १९०० वजा करणे म्हणजे ६३,६३६ मिळवणे. कंपायलर ही आज्ञा तीन बाइटांत लिहितो: ५ म्हणजे 'मिळव', आणि पुढे १४८ व २४८, म्हणजे ६३,६३६ ही संख्या, लहान भाग आधी. २४८ गुणिले २५६, अधिक १४८, करून पाहा.

५, १४८, २४८. साठ हजार बाइटांत हे त्रिकूट एकाच ठिकाणी सापडले. डीबगने तिथल्या आज्ञा उलगडून पाहिल्या. तारखेचेच काम होते. रिलोकेशनच्या यादीत ते ठिकाण नव्हते. त्या रात्री मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटाच 'सापडले!' म्हणून ओरडलो, आणि शेजारच्यांनी भिंत ठोकली.

दुरुस्ती तर त्याहून सोपी निघाली. ५, १४८, २४८च्या जागी १४४, १४४, १४४. या यंत्राला १४४ म्हणजे 'काही करू नकोस'. वजाबाकी गेली, वर्ष अख्खे राहिले. आणि 'एकोणीस, टक्का, डी' या चार अक्षरांच्या जागी 'टक्का, शून्य, चार, डी', म्हणजे चार आकडी वर्ष छाप. तीही बरोबर चार अक्षरे! शेवटची 'डी' दोहींकडे तीच, म्हणून बदलले तीन बाइट. तीन आणि तीन, सहा. लांबी तीच, पत्ते तेच.

लिहिणारा प्रोग्रॅम मी असा केला की नवा बाइट लिहिण्यापूर्वी जुना अपेक्षित बाइट तिथे आहे की नाही हे तो पाही. नसेल तर हात न लावता परत फिरे. दुसऱ्याच्या घरात शिरताना दाराची पाटी वाचावी, एवढीच ती सभ्यता.

रात्री कचेरीत संगणकाचे घड्याळ पुढे नेले आणि पावती काढली. १४/०२/२०००. मागे नेले, १९९४ची काढली. १९९४. दुसऱ्या दिवसापासून एकोणीस ठेवीदारांना बोलावून नव्या पावत्या दिल्या. छपाईत खोट होती, दुरुस्त केली, एवढेच सांगितले. कोणाची खोट, हे कोणी विचारले नाही.

हात तोच

हेच हात वाईटालाही वळतात. १९८७ साली जेरुसलेममध्ये सापडलेला त्याच नावाचा व्हायरस ईएक्सई फाइलीच्या शेवटी आपले सुमारे १८०८ बाइट चिकटवी आणि मथळ्यातला 'पहिली आज्ञा कुठे' हा आकडा बदलून आधी स्वतः चाले. त्याला आपलीच पाटी वाचता येत नसे. ईएक्सई जितक्या वेळा चालवावी तितक्या वेळा तो पुन्हा चिकटे, आणि फाइल फुगत जाऊन पकडला जाई. आमच्या पुण्यात कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि १९९०च्या दशकात त्यातूनच क्विक हील उभे राहिले. चिकटवणारा आणि सोडवणारा, दोघांनाही मथळा वाचताच यावा लागतो. फरक हेतूचा.

मला मात्र नाद लागला तो लागलाच. युनिक्सच्या पीडीपी-११ यंत्रावर चालत्या फाइलीचा पहिला आकडा अष्टमान पद्धतीत ४०७ असे. ती नुसती खूण नव्हती, खरीखुरी आज्ञा होती: 'या सोळा बाइटांच्या मथळ्यावरून उडी मार आणि कामाला लाग.' लिनक्सच्या फाइली १२७ या आकड्याने आणि ई, एल, एफ या अक्षरांनी सुरू होतात. विंडोजच्या फाइली आजही एम-झेडनेच सुरू होतात. खरा मथळा कुठे आहे तो आकडा साठाव्या बाइटापासून लिहिलेला असतो, आणि मधल्या जागेत 'हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालणार नाही' अशा अर्थाचे एक वाक्य. डॉस गेला, त्याच्या नावाची पाटी दारावर राहिली.

माझी नात अंधेरीला अभियांत्रिकी शिकते. तिला लिंकर आणि लोडर अभ्यासाला आहेत. मी माझा १९९७चा वाचक मोठ्या ऐटीने तिच्या लिनक्सवर चालवायला दिला. पहिला आकडाच चुकीचा! तिने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा इंट दोन बाइटांचा, आमचा चार बाइटांचा. चौदा आकडे वाचायला तुम्ही अठ्ठावीसऐवजी छप्पन्न बाइट गिळताय." तिने 'इंट' खोडून नेमके सोळा बिट सांगणारा शब्द घातला, आणि म्हातारा वाचक पुन्हा वाचू लागला. आमच्या काळी दोन बाइटांत भागत असे, दुसरे काय!

तिने हेही सांगितले की आता पुष्कळ फाइलींवर गणिती सही असते. सहा काय, एक बाइट बदलला तरी ती सही मोडते. आणि चोराला पत्ता कळू नये म्हणून प्रोग्रॅमला दर वेळी मुद्दाम नवी खोली देतात. ठीकच आहे. मात्र सोर्सच्या प्रती तीन घरी ठेवाव्यात, हे अजूनही तितकेच खरे आहे.

फौंड्रीतले गृहस्थ १४ फेब्रुवारी २००० रोजी सकाळी दहाला हजर झाले. पैसे मोजून घेतले आणि म्हणाले, "साहेब, सतरा हजार एकशे वर्षं आधीच आलो!"

एक गोष्ट सांगायची राहिली. ती अक्षरे शोधताना फाइलीत मला आणखी एक वाक्य सापडले होते. रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी. छपाईयंत्रातला कागद संपला की पडद्यावर यावे म्हणून त्याने ते घातले होते. पण आमची खिडकी इतक्या टापटिपीची की पाच वर्षांत तिने कागद कधी संपू दिला नव्हता. मी पत्नीला ते सांगितले. ती काही बोलली नाही. २००२ साली संस्थेने नवा प्रोग्रॅम घेतला. जुन्या संगणकाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने छपाईयंत्रातला कागद स्वतःच्या हाताने काढून घेतला आणि कळ दाबली. पडद्यावर आले:

"ताई, कागद संपला. आधी चहा घे, मग नवा लाव."

आम्ही दोघे तिथेच बसलो. मग मी खाली जाऊन दोन चहा सांगून आलो.